पाण्याखाली गेलेल्या गावाचे फोटो आणि कार्डं : कोयना खोऱ्यातल्या जाणकारांनी जरा बघा

अभय_काळाचौकी · ९ मे, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. काळाचौकीला आमच्या गावाच्या मंडळाची खोली होती, दहा बाय बारा. एके काळी तिथं पस्तीस-चाळीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, भिंतीला प्रत्येकाची एकेक खुंटी, ज्याची खुंटी त्याचा संसार. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून मागच्या रविवारी खोली रिकामी केली तर माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, भजनाचे दोन टाळ, आणि सुतळीनं बांधलेली ४१ पोस्टकार्डं आणि ७ फोटो. बरीचशी कार्डं माझ्या आजोबांच्या नावावर आहेत, ते कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते.

गाव म्हणजे आत्ताचं नाही. जुनं. बामणोलीच्या खालच्या अंगाला कोयनेच्या पूर्वेकडच्या काठावर होतं, धरणाचं पाणी चढलं तसं गेलं. थोडी घरं वर डोंगराला सरकली, बाकीची ठाणे जिल्ह्यात आली. त्या गावाचा एकही फोटो कुणाकडे नाही असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

आता अडचण अशी की एका फोटोत देऊळ, दीपमाळ, पुढे अकरा माणसं आणि बाजूला नदी दिसतेय. मी हरखून भिवंडीला आत्याआजीकडे घेऊन गेलो (वय ८३, लग्न होऊन जाईपर्यंत जुन्या गावात राहिलेली). तिनं भिंग लावून बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाली "हे आपलं गाव न्हाई. देऊळ आपल्यावानी हाय, पण आपलं न्हाई." मग कुठलं? फोटोमागे फक्त "पालखी" एवढंच लिहिलंय. स्कॅन टाकतोय. मागच्या डोंगरावरून कुणी ओळखलं तर फार उपकार होतील.

सह्यवेडा · ९ मे, रात्री ११:४०

मागचा सरळ कापलेला डोंगर वासोटा वाटतोय मला. शंभर टक्के.

जावळीकर · १० मे, सकाळी ७:०५

वासोटा नाही हो. मी दरवर्षी बामणोलीहून लाँचनं जातो, वासोट्याची धार अशी एका बाजूला उतरत नाही. फोटो स्कॅन चांगला आहे पण. नदीचं पात्र बघून पोटात कालवलं, आम्ही जन्मापासून तिथं पाणीच बघितलंय. शिवसागर म्हणून लोक फोटो काढतात, तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणतात, त्या काश्मीरच्या खाली आमची भातखाचरं आहेत.

शुभांगी_ठाणे · १० मे, सकाळी ९:३०

कार्डं पण टाका ना अभय. फोटोंपेक्षा मला त्यांचीच उत्सुकता जास्त.

टपालहंस · १० मे, सकाळी १०:१५

शुभांगीताईंशी सहमत. अभय, कार्डाची फक्त लिहिलेली बाजू स्कॅन करू नका, पत्त्याची बाजू आधी करा. तारीख नसली, शिक्का पुसट असला तरी पत्ता बोलतो. मी तीस वर्षं टपालखात्यात काढली, काही खुणा सांगतो.

छापील तिकिटावर किंमत काय आहे बघा. आणे-पै असेल तर १९५७ च्या आधीचं, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. "नये पैसे" असेल तर त्यानंतरचं, आणि १ जून १९६४ ला "नये" हा शब्द गेला, नुसतं "पैसे" राहिलं. म्हणजे नये पैशांचं कार्ड सात वर्षांच्या खिडकीत बसतं. (कार्डं घरात शिल्लक राहायची आणि लोक नंतर वापरायचे, तेवढी सूट धरा.)

पत्त्यात "जि. उत्तर सातारा" किंवा "उ. सातारा" असेल तर ते १९४९ ते १९६० मधलं. तेव्हा सांगलीला दक्षिण सातारा म्हणायचे. १९६० ला सांगली वेगळ्या नावानं उभी राहिली आणि आपला सातारा नुसता सातारा झाला. तसंच "जि. कुलाबा" दिसलं तर १९८१ च्या आधीचं, नंतर रायगड.

मुंबईच्या बाजूला "मुंबई ३३", "मुंबई १२" असा आकडा असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं. १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड आला आणि ३३ चं ४०००३३ झालं. तो पिनकोड ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस आणि संस्कृतचे मोठे कवी, हे आमच्या खात्यात अभिमानानं सांगितलं जायचं. जुन्या माणसांनी नंतरही कितीतरी वर्षं नुसतं ३३ लिहिलं आणि आम्ही ते पोचवलं, ती गोष्ट वेगळी.

गिरणगावकर · १० मे, सकाळी ११:०२

टपालहंस काका, हे सोनं आहे. माझ्याकडे वडिलांची काही कार्डं आहेत, आज रात्रीच काढतो.

काळाचौकी ३३, लालबाग १२, डिलाईल रोड १३, भायखळा २७. आमची आजी माणसाची ओळख पण नंबरानं सांगायची, "तो तेरा नंबरातला".

अभय_काळाचौकी · १० मे, रात्री १०:४८

काका, तुम्ही सांगितलं तसं लावत बसलो, बायको म्हणाली जेवण गार झालं. ४१ पैकी २६ कार्डं "नये पैसे" वाली, ५ नये पैशांची. ९ कार्डं पाऊण आण्याची. बाकी नंतरची. आणि १७ कार्डांवर "मु. पो. ... तालुका जावळी, उ. सातारा" असं पाठवणाऱ्याचं लिहिलंय! मला वाटायचं उ. म्हणजे उपविभाग वगैरे.

एक कार्ड जसंच्या तसं उतरवतो. जांभळ्या अक्षरात आहे, अक्षर एकदम वळणदार, बहुतेक गावच्या मास्तरांचं, कारण पणजोबांना लिहिता येत नव्हतं.

"चि. ... यांस अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, तुमचे मनीआर्डरचे रु. १५ पावले. भात झोडून झाले. नाचणी बरी आहे. धरणाचे साहेब येऊन झाडे मोजून गेले. परड्यातल्या आंब्यास चुन्याने नंबर टाकला आहे. तुझी आई त्या दिवसापासून नीट जेवत नाही. म्हैस गाभण आहे. विकावी का ते कळवावे. काळजी नसावी."

चुन्याने नंबर टाकला आहे. मी हे वाक्य दहा वेळा वाचलं.

नलिनीताई · १० मे, रात्री ११:२०

म्हैस विकावी का. सगळं त्यातच आलं रे. गाभण म्हैस घेऊन नव्या मुलखात जायचं की विकून मोकळं व्हायचं, ते मुलाला विचारतायत, मुलगा मुंबईत साच्यावर उभा. आमच्या सासऱ्यांकडची अशीच कार्डं होती, दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या हातानं बंबात गेली. तेव्हा कळलं नाही. आज फार लागतं मनाला.

डार्करूम · ११ मे, सकाळी ८:१०

अभय, जांभळी अक्षरं म्हणजे कॉपिंग पेन्सिल. जिभेला लावून लिहायचे ती. त्यातला रंग पाण्यात विरघळतो, म्हणून त्या कार्डांना ओला हात, ओलं फडकं, सॅनिटायझर काहीही लावू नका, मुंबईच्या पावसाळी हवेत उघडी पण ठेवू नका. माझ्या एका मावशीनं धूळ पुसायला म्हणून ओलसर बोळा फिरवला आणि अख्खं पत्र जांभळा ढग होऊन बसलं.

बाकी सगळ्यांसाठीच सांगतो. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही आणि आत फोटो कुजतो. चिकटपानी अल्बममधून ओढून काढू नका. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं आणि अगदी हलकं, बॉलपेन पुढून उमटतं.

फोटोबद्दल : आकार किती आहे तुमच्या त्या देवळाच्या फोटोचा?

अभय_काळाचौकी · ११ मे, सकाळी ९:००

चौकोनी, सव्वादोन इंच. कडा कातरलेल्या नक्षीच्या.

डार्करूम · ११ मे, सकाळी ९:२२

मग तो १२० फिल्मवरून केलेला कॉन्टॅक्ट प्रिंट असणार. म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला, मोठा न करता. त्यामुळे दिसायला एवढासा असला तरी आत तपशील भरपूर असतो. ३०० वर नको, १२०० किंवा २४०० डीपीआयला परत स्कॅन करा, चेहरे बऱ्यापैकी उघडतील.

रोहन_डी · ११ मे, दुपारी १:१५

वाईट वाटून घेऊ नका कुणी पण मला एक कळत नाही. धरण झालं म्हणून वीज आली, कारखाने आले, महाराष्ट्र उभा राहिला. गावं तर गेलीच असती कधी ना कधी, लोक मुंबईला आलेच होते. मग या आठवणींचं एवढं काय? फोटो बघून गाव परत येणार आहे का?

जावळीकर · ११ मे, दुपारी २:४०

रोहन, वीज नको होती असं इथं कुणीच म्हणालं नाही. माझे आजोबा ज्या गिरणीत होते तीही विजेवरच चालायची. पण बघ, कोयना महाबळेश्वरला उगवते, सह्याद्रीला चिकटून दक्षिणेला वाहत जाते आणि हेळवाकला पूर्वेला वळते. तिथं धरण बांधलं, पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात सोडलं, पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर केलं, १९६२ ला वीज सुरू झाली. इंजिनिअरिंग म्हणून अफाट काम आहे, मी स्वतः इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला आहे, मला त्याचं मोल माहीत आहे. पण ती वीज मुंबईत पोचली आणि आमच्या वाडीत खांब आले तेव्हा मी दहावीत होतो. कंदिलाच्या काचा पुसून अभ्यास केलाय, धरणाच्या काठावर बसून.

शंभराच्या आसपास गावं हलली. ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली, अशी चार दिशांना. एका भावकीची माणसं एकमेकांना लग्नातसुद्धा भेटेनाशी झाली. गाव परत येणार नाही हे आम्हाला कळतं. पण गाव होतं याचा कागद तरी हवा की नको?

मिलिंद६८ · ११ मे, दुपारी ३:०५

+१ जावळीकर

रोहन_डी · ११ मे, दुपारी ४:३०

कंदिलाचं माहीत नव्हतं. मी ठाण्यातच वाढलो, विचारलं ते माहीत नाही म्हणून विचारलं. वाचतोय.

गिरणगावकर · ११ मे, रात्री ११:५५

वडिलांचा डबा उघडला. एक कार्ड १३ डिसेंबर १९६७ चं.

तारखेवरून जुन्या लोकांना कळलंच असेल. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप. साडेसहाच्या आसपासची तीव्रता, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमचे वडील लालबागला खोलीत झोपले होते, सांगायचे की खुंट्यांवरचे सदरे हलायला लागले आणि आधी वाटलं कुणीतरी मस्करी करतंय. मग वीज गेली. कोयनेची वीज बंद पडली म्हणून मुंबईतले कारखाने थांबले, आणि खोलीतल्या सगळ्या माणसांना तेवढ्यावरून समजलं की जे झालंय ते आपल्याकडे झालंय. पाटणचे, जावळीचे लोक एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. गाड्या मिळत नव्हत्या. वडिलांना जाता आलं नाही.

कार्ड आलं आठ दिवसांनी. चार ओळी. "आम्ही सर्व खुशाल. घर पडले. थोरला आज्जा वारला, तो भिंतीकडेला होता. बाकी सर्व खुशाल."

कार्डाचा एक कोपरा फाडलेला आहे.

शुभांगी_ठाणे · १२ मे, सकाळी ६:५०

कोपरा फाडलेला म्हणजे काय ते माझ्या मुलीला आत्ता सांगावं लागलं. पोस्टमननं असं कार्ड हातात दिलं की वाचायच्या आधीच आई खाली बसायची.

टपालहंस · १२ मे, सकाळी ८:००

आम्ही अशी कार्डं पोतडीत वेगळी ठेवायचो. दारात टाकून यायची नाहीत, माणसाच्या हातात द्यायची, आणि वाचता येत नसेल तर थांबून वाचून दाखवायची. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण पाळायचे सगळे.

आणि कडेला हळदकुंकू लावलेलं कार्ड असलं की चहा मिळायचा.

मिलिंद६८ · १२ मे, सकाळी १०:३०

थोडं विषयाच्या बाजूचं. मी चित्रांची पोस्टकार्डं गोळा करतो, चोरबाजारातून वगैरे. महाबळेश्वरची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बरीच आहेत, आर्थर सीट, बॉम्बे पॉइंट, बॅबिंग्टन पॉइंट. बॅबिंग्टनवरून कोयना आणि सोळशीचं खोरं दिसतं. या धाग्यामुळे काल ती परत काढून बघितली आणि लक्षात आलं की माझ्याकडच्या बाराच्या बारा कार्डांमध्ये खोरं वरून दिसतं. धुकं, घड्या पडलेले डोंगर, खाली नदीची एक रेघ. एकातही माणूस नाही, घर नाही. ज्यांनी ती काढली आणि विलायतेला धाडली ते कठड्याशी उभे होते, खाली उतरले नव्हते. आणि अभयचा फोटो खालून काढलाय, नदीकाठावर उभं राहून. माझी आठ-दहा हजारांची कार्डं एकीकडे आणि तो सव्वादोन इंची तुकडा एकीकडे.

ज्यांच्याकडे अशी चित्रकार्डं असतील त्यांच्यासाठी : मागच्या बाजूला मधोमध उभी रेघ आहे का बघा. रेघ नसेल आणि पूर्ण पाठ फक्त पत्त्यासाठी असेल तर ते जुनं. ब्रिटनमध्ये १९०२ ला अर्ध्या पाठीवर मजकूर लिहायची परवानगी मिळाली, बाकी ठिकाणी त्यानंतर काही वर्षांत.

सह्यवेडा · १२ मे, सकाळी ११:१०

मी वासोट्यावरून माघार घेतो, रात्री ट्रेकचे सगळे फोटो काढून बघितले, जुळत नाही. पण उपाय सुचवतो. अमेरिकन लष्करानं पन्नासच्या दशकात छापलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं नेटवर फुकट ठेवलेत. त्यात धरण नाहीये, नदी आहे तशी वळणं घेत जाते आणि काठानं गावांची नावं आहेत. अभय, तुमच्या गावाचं नाव मला मेसेज करा, शोधून देतो. १८८५ चं सातारा गॅझेटियर पण चाळा, हेळवाक, वासोटा सगळं आहे त्यात.

अभय_काळाचौकी · १२ मे, रात्री ११:३०

सह्यवेडा, मेसेज केलाय. डार्करूम, २४०० वर स्कॅन करून वर लिंक बदललीये. चेहरे खरंच उघडले. डावीकडून दुसऱ्या माणसाच्या सदऱ्याला खिसा आहे आणि खिशात पेन, तो बहुतेक मुंबईहून पालखीला गेलेला. बाकी बंड्या आणि पागोटी. दोन बायका, एकीच्या नाकात नथ, एकीच्या कडेवर पोर.

नलिनीताई · १३ मे, सकाळी ७:४५

अभय, मी आता मोठा करून बघितला. नथ उजव्या नाकपुडीत आहे.

आपल्याकडे नथ डावीकडे. उजवीकडे कोण घालतं?

डार्करूम · १३ मे, सकाळी ८:०३

नलिनीताई!!

खिसा बघा. त्या पेनवाल्याचा खिसा उजव्या छातीवर आहे. शिंपी सदऱ्याला खिसा डावीकडे लावतो.

फोटो उलटा छापलाय. निगेटिव्हची इमल्शनची, म्हणजे चित्राचा थर असलेली, बाजू कागदाला लागायला हवी, ती वर राहिली आणि पाठ कागदाला लागली. म्हणूनच प्रिंट थोडा मऊ दिसतोय, मी चार दिवस कॅमेऱ्याला दोष देतोय. अभय, स्कॅन आडवा फिरवा, मिरर करा, आणि तुमच्या आत्याआजीला परत दाखवा.

सह्यवेडा · १३ मे, सकाळी ८:३०

थांबा थांबा. नकाशावर गाव सापडलंय. पूर्व काठावर, अभय म्हणाले तसंच. अभय, देऊळ कुठल्या तोंडाचं होतं ते आत्याआजीला विचारा. उत्तरमुखी असेल तर देवळासमोर उभं राहिल्यावर माणूस दक्षिणेला बघतो, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे नदी उजवीकडे दिसायला हवी. फोटोत ती डावीकडे आहे.

शुभांगी_ठाणे · १३ मे, सकाळी ८:४१

मी ऑफिसला निघालेय आणि लोकलमध्ये मिरर करून बघतेय. अंगावर काटा आला.

अभय_काळाचौकी · १३ मे, रात्री १०:१५

सुट्टी टाकली आणि दुपारी भिवंडी गाठली.

आत्याआजीला आधी काही सांगितलं नाही. फक्त विचारलं की देवळाकडं तोंड केलं की नदी कुठल्या हाताला. ती खाटेवर बसली होती, तिनं डोळे मिटले आणि उजवा हात वर केला. मग टॅबवर मिरर केलेला फोटो दिला.

ती बोलली नाही बराच वेळ. बोटानं दीपमाळ चाचपली. मग म्हणाली, "हितं पायरी फुटल्याली. भैरोबाची. मी पडलेले हितं." आणि तिनं लुगडं वर सरकवून गुडघा दाखवला. वण आहे. मी हात लावून बघितला.

फोटो मोठा केला तर दुसरी पायरी खरंच कोपऱ्यावर फुटलेली आहे.

त्यानंतर तीन तास ती बोलत होती. देव कसा उचलला ते सांगितलं, की पाणी चढायच्या आधी भैरोबाला कौल लावला, मग घोंगडीवर घेऊन वर नेला, आणि गावातल्या बायांनी रिकाम्या देवळात दिवा लावून ठेवला, तेल असेपर्यंत जळू दे म्हणून. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलंय सगळं. अकरामधली सात माणसं तिनं नावासकट ओळखली. पेनवाला माझा आजोबा आहे. मी त्याला म्हातारपणीच बघितला होता, म्हणून ओळखला नाही.

नलिनीताई, तुमच्यामुळे झालं हे.

नलिनीताई · १३ मे, रात्री १०:४०

नको रे बाबा, डोळ्याला पाणी आलंय, टाइप होत नाहीये. उद्या लिहिते.

रोहन_डी · १३ मे, रात्री ११:०५

मी वर जे विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं. अभय, ते रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा, फोनवर एकट्यावर ठेवू नका. मी आयटीत आहे, नावांसकट नीट लावून ठेवायचं असेल तर काम माझ्याकडे द्या, मनापासून करीन.

मिलिंद६८ · १४ मे, सकाळी ९:१५

एक गोष्ट आधी ठरवून घ्या. फोटो उघड नेटवर टाकायचा तर त्यात ज्यांची माणसं आहेत त्यांना विचारून टाका. एका मंडळाच्या स्मरणिकेत न विचारता फोटो छापला गेला आणि दोन घरांत अबोला झाला हे मी जवळून बघितलंय. आणि मूळ कुणाकडे राहणार तेही लिहून ठेवा, ट्रंक मंडळाची आहे ना.

अभय_काळाचौकी · १४ मे, सकाळी ९:५०

बरोबर आहे. मूळ मंडळाकडे, स्कॅन प्रत्येक घराला, असं काल फोनवर ठरवलंय. इथली लिंक मी फक्त सभासदांपुरती केलीये.

जावळीकर · २५ मे, संध्याकाळी ७:३०

धागा वर काढतोय, कारणच तसं आहे. यंदा पाणी बरंच उतरलंय. सह्यवेडानं नकाशावर जागा दाखवली होती, मी काल बामणोलीहून ओळखीची होडी घेऊन तिथं गेलो. होडीवाल्याला पण ठाऊक होतं, म्हणाला "देवळाचा उंचवटा" म्हणतो आम्ही.

चिखल वाळून भेगाळलाय, त्यात चाललो. चौथरा आहे. दीपमाळेचं बूड आहे, कमरेएवढं. तीन पायऱ्या दिसतात, बाकी गाळात. दुसऱ्या पायरीचा कोपरा फुटलेला आहे, मी हातानं गाळ काढून बघितला. पायरीसमोर उभा राहिलो तेव्हा नदी उजव्या हाताला होती.

फोटो जिथून काढला असेल साधारण तिथंच उभं राहून मी एक काढलाय. टाकतोय. अभय, पावसाच्या आत आजींना आणायचं असेल तर आठ-दहा दिवस आहेत. बामणोलीपर्यंत गाडी येते, होडीत खुर्ची ठेवू, उतरवून घ्यायला आम्ही चौघंजण येतो.

अभय_काळाचौकी · २५ मे, रात्री ८:०२

दादा, काय बोलू. आत्ताच भिवंडीला फोन केला. ती म्हणाली, "कवा निघायचं?" डॉक्टरांना उद्या विचारतो, पण तिनं पिशवी भरायला घेतली असं चुलतभाऊ सांगतोय.

टपालहंस · २५ मे, रात्री ८:३०

जा बाबांनो, नक्की जा. सकाळी लवकर होडीत बसवा, उन्हाच्या आत परत या. छत्री, पाणी, गुळ-शेंगदाणे बरोबर ठेवा.

अभय_काळाचौकी · ३१ मे, रात्री ९:४०

जाऊन आलो. सविस्तर नंतर लिहीन, आज जमणार नाही. एवढंच सांगतो की तिनं पायरीवर बसून तेलाचा दिवा लावला, वारा होता म्हणून जावळीकरांनी टोपीचा आडोसा धरला.

तिथंच बसून फोटो परत बघितला तेव्हा तिला आणखी दोघं आठवली. म्हणजे नऊ झाली. मी प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलनं नावं लिहिलीयेत, हलकी. राहिली दोन : मिरर केलेल्या फोटोत उजवीकडून चौथा, पागोटं घातलेला म्हातारा, आणि कडेवर पोर घेतलेली बाई. ती बाई आपल्या गावची नाही, पालखीला पाहुणी आलेली असेल असं आत्याआजी म्हणते. हातात चांदीचे गोठ आहेत आणि कपाळावर आडवं गोंदण.

शुभांगी_ठाणे · ३१ मे, रात्री १०:१०

अभय, आडवं गोंदण? नुसता तिचा चेहरा मोठा करून पाठवाल का मला? आईचं माहेर पलीकडच्या काठावरचं, तेही पाण्यात गेलं. आई झोपलीये आता, सकाळी उठली की चष्मा लावून दाखवते.